वारशात आलेली बोल्ट-ॲक्शन रायफल: या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातल्या काही घरांत जुन्या शिकारी रायफली अजून आहेत. निफाड-येवल्याकडची बागाईतदार घराणी, सुरगाणा-पेठ भागातली जुनी संस्थानी मंडळी, देवळालीला स्थायिक झालेले निवृत्त फौजी अधिकारी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार संपवली आणि ते योग्यच झालं. रायफल मात्र परवान्यावर राहिली आणि आता ती नातवंडांच्या हातात येते आहे. नातवंडांना तिचं कौतुक आहे, याचा मला फार आनंद वाटतो. पण शंभर वर्षं टिकलेल्या रायफलीची सगळ्यात मोठी नासाडी याच टप्प्यावर, याच कौतुकापोटी होते.

परदेशातल्या संग्राहकाकडून एखादी रायफल बिघडली तर तो तशी दुसरी शोधू शकतो. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशानं आलेली बंदूकही त्या दोनांतच धरली जाते. म्हणजे आपला संग्रह फार तर दोन रायफलींचा. तेव्हा जे उलटं फिरवता येत नाही, ते करण्याआधी थांबायलाच हवं.

चकाकीचा मोह

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रायफल ‘नव्यासारखी’ करून घेणं. आपल्याकडे तांब्या-पितळेची परंपरा मोठी. देवघरातली समई चिंच-लिंबानं लख्ख होते, तोच हात रायफलीकडेही वळतो. जुन्या इंग्रजी रायफलींच्या नळीवरचा निळसर काळा रंग हा पेंट नसतो. पोलादावर मुद्दाम बारीक गंज चढवायचा, तो पाण्यात उकळून काळा करायचा, घासून काढायचा आणि हे पुनःपुन्हा करायचं, अशा रीतीनं तो थर तयार होतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा बाजारातला गंज काढणारा द्रव यांतलं आम्ल तो थर काही मिनिटांत खाऊन टाकतं. खाली उरतो उघडा, पांढुरका धातू.

बफिंगचं चाक त्याहून वाईट. नळीच्या कडा गोल होतात, बनवणाऱ्याचं कोरलेलं नाव पुसट होतं, प्रूफ हाउसचे (नळीची दाबाची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे) शिक्के विरतात. इथे प्रश्न फक्त किमतीचा राहत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ नुसार बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. चकाकीच्या नादात क्रमांक गेला, तर परवान्यावरची रायफल हीच, हे सिद्ध कसं करणार?

कोणी ‘परत ब्लूइंग करून देतो’ म्हणालं तरी घाई नको. हल्लीचं गरम ब्लूइंग कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात होतं. जुन्या रायफलींवर फोरसाइटचा (नळीच्या तोंडाजवळच्या नेमाच्या खुणेचा) चौथरा आणि पट्ट्याची कडी बहुधा कथील-शिशाच्या डागानं जोडलेली असते, आणि तो डाग कॉस्टिकमध्ये टिकत नाही.

मग करायचं काय? लाल, भुकटीसारखा गंज असेल तर त्यावर पातळ तेल लावून दिवसभर ठेवा, नंतर चार शून्यांच्या स्टील वूलनं हलक्या हातानं पुसा. तपकिरी, घट्ट बसलेला डाग वाढत नसेल तर त्याला हात लावू नका. जाणकार माणूस त्या तपकिरी रंगाला दोष मानत नाही.

लाकडाचंही तसंच. दस्ता बहुतेक वेळा अक्रोडाचा असतो आणि त्यावर तेलाचा हात असतो. फर्निचर पॉलिशवाल्याकडून त्याला मेलामाइन मारून घेतला की लाकडाची रेष प्लास्टिकखाली गाडली जाते. त्याआधी तो पॉलिश पेपर मारतो, त्यात हातानं कापलेली चौकड्यांची नक्षी सपाट होते. एक खूण सांगतो. मूळ रायफलीत लाकूड धातूच्या कडेपेक्षा किंचित वर असतं. ते धातूला समतल किंवा खाली गेलेलं दिसलं, तर कोणीतरी घासलंय हे समजावं. घरी फार तर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब तळहातानं चोळावेत, आणि तेही क्वचित. जवसाचं कच्चं तेल वाळायला फार वेळ घेतं आणि चिकट राहतं.

काडतुसाच्या नावावर विसंबणं

ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९०७ मध्ये ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानात .४५० आणि .३०३ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इथे इंचांत) रायफलींवर खासगी वापरासाठी बंदी घातली. लष्करी काडतुसं बंडखोरांच्या हाती पडतील ही भीती त्यामागे होती. त्यातून .४६५, .४७० अशी नवी काडतुसं इथल्या शिकाऱ्यांसाठी आली, आणि .३०३ च्या जागी .३१५ रुजलं. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं आणि पुढे इशापूरच्या रायफल फॅक्टरीनं याच बोअरच्या शिकारी रायफली बनवल्या. आजही .३०३ प्रतिबंधित बोअरमध्येच मोडतं. आजोबांच्या कागदावर .३०३ लिहिलेलं दिसलं, तर आधी वकील गाठा, बाकीचं नंतर.

आता गोंधळ बघा. .३१५ म्हणजे ८×५० आर मानलिखर, मागे कड असलेलं काडतूस. त्याला बोलीत ‘आठ एमएम’ म्हणतात. पण जर्मन ८×५७ माउझरलाही आठ एमएमच म्हणतात. त्याला कड नसते आणि दाब बराच जास्त असतो. त्या जर्मन काडतुसातही दोन प्रकार आहेत. जुन्या ‘जे’ नळीसाठी .३१८ इंच व्यासाची गोळी, आणि १९०५ च्या सुमारास आलेल्या ‘एस’ नळीसाठी .३२३ इंच. जाड गोळी अरुंद नळीत गेली तर दाब धोक्याच्या पातळीवर जातो. वेस्टली रिचर्ड्सच्या .३१८ काडतुसाचा या .३१८ शी काही संबंध नाही, तिथे गोळीच .३३० इंचाची आहे. .२७५ रिग्बी हे ७×५७ माउझरचंच इंग्रजी नाव, पण .२७५ हॉलंड मॅग्नम वेगळं. हॉलंड अँड हॉलंडनं १९१२ मध्ये आणलेलं पट्टेदार .३७५ मॅग्नम वेगळं, आणि दुनळी रायफलींसाठीचं कडेचं .३७५ त्याहून वेगळं.

त्यामुळे नळीवरचा आकडा, परवान्यावरचा आकडा आणि कपाटातल्या जुन्या डब्यावरचा आकडा हे तिन्ही जुळले तरी खात्री झाली असं धरू नका. परवानाधारक गनस्मिथ कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, ओतून त्याचा साचा काढतो आणि मोजतो. खात्री तिथेच होते. आजोबांच्या काळातली उरलेली काडतुसं तर वापरूच नयेत.

बिघाड नसलेले बिघाड

‘बोल्ट अडकलाय’ ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. बोल्ट म्हणजे मुठीनं मागे-पुढे सरकवायचा, काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा. हातोडी शोधण्याआधी सेफ्टी बघा. काहीही तपासताना आधी मॅगझीन रिकामं आहे ना, चेंबरमध्ये काही नाही ना, हे डोळ्यांनी आणि करंगळीनं बघायचं, हे वेगळं सांगायला नको. १८९८ च्या माउझर पद्धतीत बोल्टच्या मागच्या टोकाला पंखासारखी सेफ्टी असते. डावीकडे असताना रायफल चालते. उभी असताना बोल्ट फिरतो, पण काडतुसावर आघात करणारी पिन अडलेली राहते. उजवीकडे गेली की बोल्टही कुलूपबंद. तिथे जोर लावला तर काहीतरी तुटणार हे नक्की.

ली पद्धतीच्या (.३०३ ली-एनफिल्डसारख्या) रायफलीचा बोल्ट पुढे ढकलताना शेवटी जड लागते, कारण तिची स्प्रिंग बोल्ट बंद करताना ताणली जाते. माउझरमध्ये हेच काम बोल्ट उघडताना होतं. एक सवयीची असली की दुसरी बिघडलेली वाटते.

दोन चाप दिसले की लोक गोंधळतात. जर्मन आणि ऑस्ट्रियन शिकारी रायफलींत मागचा चाप फक्त पुढच्याला हलका करून ठेवतो. मागचा ओढल्यावर ‘टक’ आवाज होतो, बार होत नाही, आणि रायफल खराब आहे असं समजून कानस हातात घेतली जाते. या यंत्रणेला कानस लागली की ती कायमची धोकादायक होते. पुढचा चाप एकदा ‘सेट’ झाला की नुसत्या स्पर्शानं सुटतो, हेही ध्यानात असू द्या.

माउझरच्या बोल्टला उजव्या अंगाला लांब पोलादी नखी असते. काडतूस मॅगझीनमधून वर येताना त्या नखीखाली सरकतं, आणि शेवटपर्यंत नखीच्या पकडीत राहतं. ही रचना मला आजही थक्क करते. पण त्यामुळेच सुटं काडतूस थेट चेंबरमध्ये टाकलं तर बोल्ट बंद व्हायला कुरकुरतो. रेटलं तर नखीचा टवका उडू शकतो.

खरा बिघाड वेगळाच असतो, आणि तो दिसत नाही. बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा असतो. ली रायफलीत बोल्टच्या मुठीच्या मागच्या बाजूला क्रमांक असतो, तो रायफलीच्या क्रमांकाशी ताडून बघा. बोल्टचा चेहरा आणि काडतुसाची बैठक यांतलं अंतर प्रत्येक रायफलीला जुळवलेलं असतं. बोल्ट बदलला की ते बिघडतं, आणि काडतूस बुडाजवळ फाटू शकतं. क्रमांक जुळत नसतील तर गेजनं तपासून घेतल्याशिवाय ती रायफल चालवू नये.

दस्त्यावर, बोल्टच्या मागे जिथे धातूची शेपटी लाकडात शिरते, तिथे केसासारखी चीर आहे का बघा. खालचे दोन स्क्रू सैल झाले की धक्का चुकीच्या जागी बसतो. वर्षानुवर्षं तेल पिऊन तिथलं लाकूडही मऊ झालेलं असतं. त्यात फेविकॉल भरू नका. तेलकट लाकडाला तो धरत नाही, आणि पुढे नीट दुरुस्ती करणाऱ्याचं काम मात्र अवघड होतं. स्क्रूला हात लावायचाच तर खाचेत बरोबर बसणारा, समांतर पात्याचा स्क्रू ड्रायव्हर हवा. उत्तम इंग्रजी रायफलींत स्क्रूच्या सगळ्या खाचा नळीच्या रेषेत लावलेल्या असतात. त्या वाकड्या दिसल्या किंवा कुरतडलेल्या दिसल्या, तर आत कोणीतरी घाईनं शिरलं होतं.

नाशिकचा पाऊस आणि नाशिकची थंडी

इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस ज्यांच्या दारात आहे त्यांना ओल शिकवायला नको. तरीही रायफल जुन्या चामडी पेटीत किंवा कॅनव्हासच्या खोळीत ठेवलेली दिसते. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं धातूला लागतात. पेटी सुंदर असेल, जपा, पण रिकामी. रायफल कुलूपबंद लोखंडी कपाटात, सिलिका जेलसह ठेवावी आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला तेलाच्या फडक्यानं पुसावी. शक्य असेल तर नळीचं तोंड खाली, म्हणजे जादा तेल दस्त्यात उतरत नाही. डिसेंबर-जानेवारीत गार रायफल उबदार खोलीत आणली की तिला घाम सुटतो. तो पुसल्याशिवाय कपाट लावू नका.

नळी साफ करताना बोल्ट काढून मागच्या बाजूनं गज घाला. तोंडाकडून घातलेला गज नळीची शेवटची कड झिजवतो, आणि नेम त्या कडेवरच अवलंबून असतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतून (बुडाच्या, आघातानं पेटणाऱ्या भागातून) उरणारं क्षार पाण्यात विरघळतं, तेलात नाही. आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल.

निवडणुकीच्या काळात शस्त्रं जमा करण्याचा आदेश निघतो, त्यासाठी रायफल आधीच तयार करा. नळीत आणि बाहेर ग्रीसचा हात, आणि पावतीवर क्रमांकासोबत स्थितीची नोंद.

कागद

‘ती बंद आहे, तिला काय परवाना लागतो’ हा समज चुकीचा आहे. कलम ४५ मधली सूट जुन्या किंवा मोडक्या हत्यारांना आहे, पण ती दुरुस्त करूनही चालू शकत नसतील तरच. माळ्यावर गंजलेली रायफल कायद्यानं बंदूकच असते. परवानाधारक वारले की कलम २१ प्रमाणे विनाविलंब ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि मग वारसाच्या नावानं अर्ज करावा. शहरात अर्ज पोलिस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तर हयातीतच ती वारसाला देता येते. आजोबा हयात असतील तर हे काम त्यांच्यासोबत बसून करा. इतर वारसांची ना-हरकत त्यांच्यासमोर मिळवणं पुष्कळ सोपं जातं.

नळीवरचं नाव बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. कलकत्त्याच्या रॉडा, मँटन किंवा लायन अँड लायन यांचं नाव असेल, तर ते विक्रेत्याचं असू शकतं. रायफल इंग्लंडमध्ये बनलेली आणि तिची ॲक्शन (बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो सांगाडा) जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातली, असंही असतं. दस्त्यावरची चांदीची पट्टी, आद्याक्षरं, संस्थानाचा मुकुट हे काढून टाकू नका. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल १९०७ मध्ये भेट मिळालेली .२७५ रिग्बी तिच्यावरच्या पट्टीमुळे आणि कागदांमुळे ओळखली गेली, आणि आता ती रिग्बी कंपनीकडे परत आली आहे.

रिग्बी, हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या विक्रीवह्या शिल्लक आहेत. क्रमांक कळवला तर रायफल कधी बनली, कोणाला विकली गेली, याची माहिती शुल्क भरून मिळू शकते. क्रमांक नीट वाचता येत नसेल तर घासू नका. अक्षरांवरून पांढरा खडू हलका फिरवा, वरचा कोरड्या फडक्यानं पुसा आणि तिरप्या उजेडात फोटो काढा.