स्नायूंची चाचणी बाहेर देण्याआधी

आमच्या पुण्यातल्या पाषाणच्या प्रयोगशाळेत औषधाचे रेणू बनतात, पण उंदराच्या स्नायूची ताकद मोजायची सोय नाही. ते काम आम्ही कंत्राटी संशोधन संस्थेला देतो. तुम्हीही देणार असाल, तर कोटेशन मागवण्याआधी बसून तुमचा प्रश्न कागदावर उतरवा. ‘औषधाने ताकद वाढते का’ एवढ्याने भागत नाही; स्नायू कुठला, उंदराचं वय काय, डोस किती आठवडे, हे सगळं लागतं. डुशेनच्या आजारासाठी, म्हणजे डिस्ट्रॉफिन हे स्नायूंना आधार देणारं प्रथिन नसल्याने स्नायू झिजत जाणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी, एमडीएक्स उंदीर १९८४ पासून माहीत आहे; त्याच्यातही हे प्रथिन नसतं. त्याच्या स्नायूंची पडझड तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि पायांचे स्नायू पुढे बरेचसे सावरतात. श्वासपटल मात्र खालावतच जातं. त्यामुळे वय चुकलं की चांगलं औषधही निकामी ठरू शकतं.

प्राणी नैतिकता समितीची मंजुरी त्या संस्थेकडे आहे ना, आणि ती याच प्रयोगासाठी आहे ना, हे प्रत मागवून बघा.

पकडीची चाचणी, म्हणजे उंदीर पंजाने दांडी किती जोराने धरून ठेवतो हे मोजणं, स्वस्तात होते, पण उंदीर धरणारा हात बदलला की आकडा बदलतो. सगळे उंदीर एकाच माणसाने, रोज त्याच वेळी धरावेत, असं प्रोटोकॉलमध्येच लिहून घ्या. खरा भरवसा सुट्या काढलेल्या स्नायूवर. ईडीएल किंवा सोलियस हे पायाचे छोटे स्नायू क्षारद्रावणात टांगतात, त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि विजेच्या झटक्याने आकुंचन मोजतात. इथे प्रत्येक स्नायूचं वजन आणि लांबी मागितल्याशिवाय राहू नका. एमडीएक्सचा स्नायू फुगलेला असतो, त्यामुळे नुसतं बल बघितलं तर तो निरोगीच वाटू शकतो. वजन, लांबी आणि १.०६ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) ही स्नायूची घनता यांवरून छेदाचं क्षेत्रफळ काढून बलाला त्याने भागलं की दुबळेपणा उघडा पडतो. आकुंचन चालू असताना स्नायू ताणून बल किती घसरतं, तेही मोजून घ्या; डिस्ट्रॉफिन नसल्याची खूण तिथे सगळ्यात ठळक दिसते.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे स्नायूचे नमुने गोठवण्याची पद्धतही लेखी घ्या: द्रव नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेन या द्रवात बुडवून, झटकन. एकदा आम्ही हे गृहीत धरलं. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर तंतूंना अनारशासारखी जाळी पडलेली. आजार नव्हे, हळू गोठल्याने झालेले बर्फाचे स्फटिक. एका अख्ख्या गटाचे नमुने गेले. ते जीव काही परत मिळणार नव्हते, आणि अजूनही मला त्याचं वाईट वाटतं.

औषधाच्या आणि नुसत्या द्रावणाच्या बाटल्यांवर फक्त कोड घाला, कुठला कोड कशाचा याची यादी आपल्याकडे ठेवा. मूळ आलेख, कच्च्या फायली करारात मागा. नमुने परत येताना सोमवारी निघावेत. शुक्रवारी निघालेला डबा रविवारभर गोदामात पडून राहतो आणि ड्राय आइस उडून जातो.