जीपचं स्टीयरिंग ढिलं? स्क्रू आवळायच्या आधी

यवतमाळ-वणीकडच्या काळ्या मातीत चाकोऱ्यांतून फिरलेल्या जुन्या जीपचं स्टीयरिंग ढिलं झालं, की मिस्त्री पाना थेट स्टीयरिंग बॉक्सच्या (स्टीयरिंगच्या दांड्याखालचा गिअरचा डबा) स्क्रूला लावतो. थांबवा त्याला. कुणाला तरी स्टीयरिंग इकडंतिकडं हलवायला लावा आणि खाली वाकून टाय रॉडच्या (पुढच्या चाकांना जोडणारे दांडे) सांध्यांवर बोट ठेवा. बरेचदा प्ले, म्हणजे ढिलाई, तिथंच सापडतो.

बॉक्सच दोषी निघाला तर ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकांकडं जाणारा दांडा) सोडवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टीयरिंगचे वेढे मोजा, निम्मे मागे या. हा मध्य. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून झीजही इथंच जास्त. आधी शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून वर्मच्या, म्हणजे बॉक्समधल्या आट्यांच्या दांड्याच्या, बेअरिंगची ढिलाई घालवा, मगच मध्यावर स्क्रू आवळा. मग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहा. कुठं जड लागलं तर स्क्रू थोडा सैल करा. जरासा प्ले चालेल, अडकणारं स्टीयरिंग वळणावर घात करतं. मध्यावर ढिलं अन् टोकाकडं जड, असं असेल तर वर्म गेलाच समजा.

आणि बॉक्सचं सील गळतं म्हणून ग्रीस कोंबू नका (आपल्याकडचा लाडका उपाय!). ते वर्मवरून बाजूला सरतं, परत येत नाही. सील बदला, ९० नंबरचं गिअर ऑइल भरा.