नोकरी गेल्यावर दिवसाची घडी कशी बसवावी

नोकरी गेली की पगार थांबतो, हे सगळ्यांनाच दिसतं. त्याच्याबरोबर आणखी पाच गोष्टी जातात: वेळेचं बंधन, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, अनेकांनी मिळून चालवलेल्या कामातला आपला वाटा, चारचौघांतली ओळख आणि रोज काहीतरी करायलाच लावणारी सक्ती. ही यादी समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा यांची. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या मारियेनथाल गावातली कापडगिरणी बंद पडून जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं, तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांसह तिथली पाहणी केली होती. हातात वेळच वेळ असूनही लोकांचं वाचन वाढलं नाही. गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. म्हणून ‘आता सवड आहे, काहीतरी सुचेलच’ यावर विसंबू नका. गेलेल्या गोष्टी एकेक करून मुद्दाम परत आणाव्या लागतात.

आधी पैशांचा हिशेब

आज हाताशी असलेल्या रकमेला महिन्याच्या अटळ खर्चाने भागा. उत्तर येईल तेवढे महिने तुमच्याकडे आहेत. अटळ म्हणजे घरभाडं, अन्न, औषधं, कर्जाचे हप्ते, विमा, मुलांची फी. इथे नेहमीची चूक म्हणजे वर्षातून एकदाच येणारे खर्च विसरणं; त्यांचा बारावा भाग दर महिन्यात धरा. मोडायला वेळ लागणारी गुंतवणूक मात्र हाताशी असलेल्या रकमेत धरू नका.

हप्ता चुकणार असं दिसताच कर्ज देणाऱ्याशी बोला, चुकल्यानंतर नाही. आधी गेलात तर मुदत वाढवण्यावर बोलणी होऊ शकतात. नंतर दंड आणि थकबाकीची नोंद घेऊन बसावं लागतं. काटकसरीत आरोग्यविमा पहिल्यांदा कापला जातो. तो शेवटी कापा, कारण पॉलिसी खंडित झाली की जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) बहुधा पुन्हा शून्यापासून मोजतात.

दिवस

उठण्याची वेळ पक्की करा. सुट्टीच्या दिवशीही अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक नको. झोपायची वेळ ठरवून झोप येत नाही, पण रोज एकाच वेळी उठून सकाळचा उजेड अंगावर घेतला की शरीराचं घड्याळ जागेवर राहतं. हे सुटलं की रात्री दोनपर्यंत मोबाइल, सकाळी अकराला जाग आणि अर्धा दिवस गेल्याची टोचणी, असा फेरा सुरू होतो.

‘नोकरी शोधणं हीच आता तुमची पूर्णवेळ नोकरी’ हा सल्ला आम्हाला पटत नाही. या कामात बहुतेक वेळा उत्तरच येत नाही. आठ तास त्यात घातले की संध्याकाळी हाती उरतो तो फक्त नकार. सकाळचे तीन तास द्या आणि थांबा. मोजमापही आपल्या हातातल्या गोष्टींचं ठेवा: किती अर्ज नीट लिहिले, किती जणांशी बोललात.

बोलायचं कुणाशी? फक्त जवळच्यांशी नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३च्या लेखात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती; बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण साधं आहे: जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. जुने सहकारी, माल पुरवणारे, एकेकाळचे ग्राहक यांची यादी काढा. ‘काही असेल तर कळवा’ असा निरोप कुणाच्या लक्षात राहत नाही. काय येतं ते दोन ओळींत सांगा आणि नेमका प्रश्न विचारा: ‘तुमच्याकडे या कामाची भरती कोण बघतं?’

उरलेल्या वेळात

छंद इथे कमी पडतो, कारण तो आज केला नाही तर कुणाचं काही अडत नाही. असं एक काम घ्या ज्याला ठरलेला वार आणि वेळ आहे, जिथे इतर माणसं असतात आणि तुम्ही गेला नाहीत तर खोळंबा होतो. वाचनालयाचा एक दिवस सांभाळणं, मुलांना गणित शिकवणं, संस्थेचे हिशेब लिहिणं, काहीही चालेल. आठवड्यातून दोन वेळा पुरे. ‘जमेल तसं येईन’ म्हणून सुरू केलेलं काम सहसा महिन्याभरात बंद पडतं.

घरातही तेच. मारियेनथालमध्ये पुरुषांचे दिवस ओस पडले होते, बायकांचे मात्र घरकामाने भरलेले होते. तेव्हा ‘मदत करतो’ म्हणू नका; एक काम आख्खं अंगावर घ्या. स्वयंपाक घेतला तर काय शिजवायचं ते ठरवणं, सामान आणणं आणि ओटा पुसणंही त्यातच आलं.

नकाराची तयारी

मिशिगन विद्यापीठात बेकारांसाठी तयार झालेल्या प्रशिक्षणात नोकरी शोधण्याच्या कौशल्यांबरोबर अपयशाच्या पूर्वतयारीवरही भर होता. ते घरीही करता येतं. मुलाखतीला जाण्याआधीच लिहून ठेवा: नकार आला तर त्या दिवशी काय करायचं आणि दुसऱ्या दिवशी पहिला फोन कुणाला. निराश झाल्यावर ठरवू म्हटलं तर तेव्हा काही सुचत नाही.

दोन आठवडे सलग, दिवसाचा बहुतेक वेळ मन खचलेलं असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना भेटा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी, आणि तोवर एकटं राहू नका.

घरच्यांसाठी एकच नियम. ‘काही झालं का?’ हे रोज विचारू नका. आठवड्यातला एक वार आणि अर्धा तास ठरवा. पैसे आणि अर्जांबद्दल तेव्हाच बोला, एरवी इतर गप्पा मारा.