स्मरणिका मुक्त सॉफ्टवेअरवर करताना: आधी मजकूर, मग मांडणी

वाचनालयाची किंवा शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढायची ठरली, की मजकूर वर्डमध्ये, जाहिराती कोरलड्रॉमध्ये, छायाचित्रे फोटोशॉपमध्ये आणि पाने पेजमेकरमध्ये किंवा इनडिझाइनमध्ये अशी कामाची वाटणी आपोआप होते. यांतल्या कितीतरी प्रती कुठून आलेल्या असतात हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी विचारत नाही. हे सारे काम लिबरऑफिस, इंकस्केप, गिंप आणि स्क्रायबस या चार मुक्त, म्हणजे विनामूल्य आणि कायदेशीरपणे वापरता येणाऱ्या, सॉफ्टवेअरवर उत्तम होते. मात्र सॉफ्टवेअर बदलण्याआधी मजकूर बदलावा लागतो, आणि बहुतेकांचा प्रयत्न फसतो तो या पायरीकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

जुना मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये बांधलेला असतो. संगणकाच्या लेखी तो मराठी नसतोच. ती रोमन अक्षरे असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फॉन्ट काढून घेतला, की निरर्थक अक्षरांची रांग उरते. असा मजकूर लिबरऑफिसमध्ये उघडून ‘यात मराठी चालत नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. त्या विशिष्ट फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकातून मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत, आणावा आणि मगच पुढे जावे.

परिवर्तनानंतरचे वाचन कुठे बारकाईने करायचे, हे ठरलेले आहे. अनेक जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असतो. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा असतो. म्हणून ‘निर्मिती’सारखा शब्द आधी शोधून पाहावा, कारण त्यात वेलांटी आणि रफार दोन्ही आहेत, तो सुखरूप असेल तर परिवर्तक बरा आहे. दुसरी जागा ‘ऱ्या’ची. परिवर्तक पुष्कळदा ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ करतो. कंट्रोल आणि एच दाबून सगळे एकदम बदलण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण ‘कार्यालय’ आणि ‘पर्याय’ही त्यात सापडतात. ‘र्या’ शोधून प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनी निर्णय घ्यावा. आमच्या एका अंकात स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे आभार ‘आचार्यांचे आभार’ म्हणून छापले गेले होते, आणि त्यावरून संस्कृतच्या निवृत्त शिक्षकांनी आमचे जाहीर कौतुक केले.

आता लिबरऑफिस. 2010 साली ओपनऑफिसपासून वेगळे झालेले हे सॉफ्टवेअर वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट या तिघांचे काम करते. ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची (देवनागरीसारख्या लिपींच्या सोयीची) खूण करावी आणि तिथे मराठी निवडावी. रायटर हा त्यातला लेखनाचा भाग. तो रोमन मजकुराचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा लक्षात ठेवतो, आकारासह. त्यामुळे परिच्छेदाच्या शैलीत दोन्ही कप्पे भरले नाहीत, तर मराठी ओळीत मधेच आलेले इंग्रजी नाव भलत्याच फॉन्टमध्ये आणि भलत्याच आकारात दिसते. एफ11 दाबून शैलींची यादी उघडावी आणि लेखाचे शीर्षक, लेखकाचे नाव, मूळ मजकूर यांना ठरावीक शैली द्याव्यात. हाताने ठळक-मोठे करत बसू नये. ही शिस्त मांडणीच्या वेळी उपयोगी पडते.

वर्डच्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात. तक्ते आणि चौकटी असलेल्या फायली कधी कधी थोड्या सरकतात. दुसऱ्याला पाहण्यापुरती फाइल पाठवायची असेल तर पीडीएफ पाठवावी, म्हणजे वाद मिटतो. हिशेबनिसांच्या एक्सेलमध्ये मोठे मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञांचे संच) असतील तर ते कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या हिशेबाच्या भागात, जसेच्या तसे चालतील असे गृहीत धरू नये. त्यांना त्यांच्या एक्सेलवरच राहू द्यावे.

छायाचित्रांसाठी गिंप. सभासद व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात आणि तिथे ते आकसतात; ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल हा हिशेब धरला, तर 10 सेंटिमीटर रुंदीच्या छायाचित्राला सुमारे 1,180 पिक्सेल लागतात. त्याहून लहान फोटो गिंपमध्ये ताणून मोठा केल्याने तपशील वाढत नाही, फक्त धूसरपणा वाढतो. गिंपमध्ये ‘सेव्ह’ केले की त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल तयार होते. जेपेग किंवा टिफ हवी असेल तर ‘एक्सपोर्ट’ करावे लागते. फोटोशॉपवरून आलेला माणूस पहिल्या दिवशी इथेच चिडतो.

जाहिराती, बोधचिन्ह आणि मुखपृष्ठावरचे नाव इंकस्केपमध्ये करावे. कोरलड्रॉची जुनी फाइल कधी इंकस्केपमध्ये, कधी लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडते, पण तिच्यातले छाया-परिणाम टिकतीलच असे नाही. साध्या जाहिराती नव्याने करणे अनेकदा लवकर होते. अक्षरांची रचना पक्की झाल्यावर मूळ फाइलची प्रत ठेवून ‘पाथ’मधले ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ वापरावे, म्हणजे फॉन्ट नसलेल्या संगणकावरही अक्षरे बिघडत नाहीत.

पानांची मांडणी स्क्रायबसमध्ये. इथे एक अट कडक आहे: आवृत्ती 1.6 किंवा त्यानंतरची हवी. 1.4 च्या मालिकेत देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळत नव्हती, आणि स्क्रायबस मराठीला निरुपयोगी असल्याची जुनी तक्रार तेव्हाची आहे. रायटरमधला मजकूर ‘गेट टेक्स्ट’ने चौकटीत आणावा, शैलींची नावे जुळवून घ्यावीत, आणि फॉन्ट मात्र स्क्रायबसच्या शैलीतच ठरवावा. स्क्रायबस इंग्रजी शब्दासाठी आपणहून दुसरा फॉन्ट शोधत नाही. म्हणून देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपी असलेला फॉन्ट घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतो, त्याची सात वजने (बारीक ते ठळक अशा जाडी) आहेत, आणि शीर्षकापासून तळटीपेपर्यंत तो एकटा पुरतो. मजकुराला परंपरागत पुस्तकी वळण हवे असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्यावा. त्यात मराठी वळणाचे ल आणि श आहेत.

छापखान्याकडे जाण्याआधीचा तास रंगांसाठी राखून ठेवावा. इंकस्केप पडद्याच्या रंगांत काम करते आणि छापखाना चार शाईंत. स्क्रायबसच्या रंगयादीत जाऊन जाहिरातींतले रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शाईंच्या प्रमाणात, बदलावेत, आणि काळा रंग शंभर टक्के काळ्या शाईचाच आहे याची खात्री करावी. नाहीतर बारीक अक्षरे चार शाईंनी छापली जातात आणि कागद केसभर सरकला तरी त्यांना रंगीत सावली येते. पानाच्या कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चारी बाजूंनी 3 मिलिमीटर जादा जागा द्यावी. मग ‘प्रीफ्लाइट’ (स्क्रायबसमधली छपाईआधीची तपासणी) चालवावे. चौकटीबाहेर सांडलेला मजकूर आणि कमी पिक्सेलची चित्रे ते दाखवून देते. पीडीएफ काढताना ‘प्रिंटर’ हा पर्याय निवडावा आणि फॉन्ट फाइलीतच बसवावेत. छापखान्यातला माणूस ‘सीडीआर फाइल द्या’ म्हणेल, म्हणजे कोरलड्रॉची. पीडीएफवरून प्लेट काढता येते, हे त्याला माहीत असते. त्याला हवी असते ती शेवटच्या क्षणी हात घालण्याची सोय. तेव्हा दुरुस्त्या आपणच करून नवी पीडीएफ देऊ असे सांगावे, आणि एका पानाचा नमुना छापून मागावा.

शेवटी ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ वापरून पाने, चित्रे आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करावेत आणि शेजारी लेखांच्या ओडीटी (रायटरच्या) फायली ठेवाव्यात. ओडीटीचे स्वरूप 2006 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. पुढच्या समितीला हीरकमहोत्सवाची स्मरणिका करायची वेळ आली, की तिला जुना मजकूर पुन्हा टंकावा लागणार नाही.