रेडिओरसायनाच्या प्रयोगशाळेत रुजू होण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून पेट आणि स्पेक्ट (शरीरात गेलेल्या औषधाच्या किरणांवरून चित्र काढणाऱ्या) तपासण्यांसाठी लागणाऱ्या किरणोत्सारी औषधांच्या संशोधनाकडे वळणारे विद्यार्थी भेटले की बहुधा पुस्तकांची नावे विचारतात. पुस्तके लागतीलच, पण त्याआधी वेळेचा हिशेब अंगात मुरायला हवा. फ्लोरीन-१८चे अर्धायुष्य (किरणोत्सारिता निम्मी होण्याचा काळ) सुमारे ११० मिनिटे आहे, म्हणजे बेळगावहून निघालेली बस हुबळीला पोहोचेपर्यंत कुपीतली जवळपास निम्मी किरणोत्सारिता संपलेली असते. गॅलियम-६८ला ६८ मिनिटेच मिळतात आणि कार्बन-११ला जेमतेम २०. म्हणून क्षयाची (किरणोत्सारिता काळानुसार घटण्याची) तीस-चाळीस गणिते आधीच हाताने सोडवून ठेवावीत. सुरुवातीला १० गिगाबेकेरेल (किरणोत्सारितेचे एकक) फ्लोरीन-१८ असेल आणि संश्लेषणाला ४० व गुणवत्ता चाचणीला २० मिनिटे लागली, तर रासायनिक घट शून्य धरूनही हाती सुमारे ६.८५ गिगाबेकेरेल उरते. क्षयाची दुरुस्ती केलेले (क्षयाने गेलेला भाग परत धरून काढलेले) उत्पादन आणि प्रत्यक्ष हाती आलेले उत्पादन या दोन आकड्यांची गल्लत नवखा संशोधक हमखास करतो.

कागदपत्रांत नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे एका गुणपत्रिकेवर आद्याक्षरे, दुसरीवर वडिलांचे नाव मध्ये आणि आधारवर तिसरेच रूप, असे सर्रास आढळते. शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजणाऱ्या टीएलडी बिल्ल्यावरील मात्रेची नोंद त्या नावावर वर्षानुवर्षे साठत जाते, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वीच सर्वत्र एकच रूप करून घ्यावे. अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांसाठी ठरवलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे, हे पाठ असावे. विद्यार्थिनींनी गर्भधारणा कळताच किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांना सांगावे, कारण त्यानंतर गर्भासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टवर येते.

किरणोत्सारी द्रव नकळत कुठे लागू न देण्याचा हाताचा सराव घरीही करता येतो आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये ढवळून गाळून घ्यावी (जवळपास गॅस किंवा निरांजन पेटलेले नसावे), हातमोज्यांच्या दोन जोड्या घालून ते द्रव ट्रेमध्ये ड्रॉपरने एका कुपीतून दुसरीत भरावे, सोबत नेहमीप्रमाणे वहीत नोंदी कराव्यात आणि मग खोली अंधारून खोट्या नोटा ओळखायचा अतिनील दिवा सगळीकडे फिरवावा. हळद त्या प्रकाशात हिरवट-पिवळी चमकते. माझ्या पहिल्या सरावात ती पेनाच्या टोपणावर, वहीच्या कोपऱ्यावर आणि चष्म्याच्या काडीवर सापडली. हात चष्म्याकडे गेल्याचे मला आठवतही नव्हते. दिव्याखाली फक्त ट्रे चमकू लागेपर्यंत हा सराव सोडू नये.

कवचाबद्दलचा एक गैरसमजही आधीच काढून टाकावा. एक्स-रे विभागातला अर्ध्या मिलिमीटर शिशाचा एप्रन टेक्नेशियम-९९एमच्या १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या किरणांना बऱ्यापैकी अडवतो, पण फ्लोरीन-१८मुळे निघणाऱ्या ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांपुढे तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. तिथे जाड शिसे, टंगस्टनचे सिरिंज-कवच, लांब चिमटे आणि अंतर यांवरच भिस्त ठेवावी लागते.

टेक्नेशियमच्या जनरेटरवर (मॉलिब्डेनमच्या क्षयातून टेक्नेशियम मिळवण्याच्या उपकरणावर) काम असेल, तर ६६ तास अर्धायुष्याचे मॉलिब्डेनम आणि ६ तास अर्धायुष्याचे टेक्नेशियम यांचा आलेख स्वतः काढून पाहावा. साधारण चोवीस तासांनी पुन्हा दोहन (तयार झालेले टेक्नेशियम द्रवात उतरवून घेणे) का करतात, हे त्यावरून समजते. दोहनात मॉलिब्डेनम उतरले आहे का, हे तपासल्याशिवाय द्रव पुढे जात नाही. पातळ थर वर्णलेखनाचा (मिश्रणातले घटक थरावर वेगळे करण्याच्या पद्धतीचा) सराव साध्या शाईवर करून ठेवावा.

रुजू झाल्यावर पहिला आठवडा किरणोत्सारी पदार्थ न वापरता संपूर्ण संश्लेषण करू देण्याची विनंती मार्गदर्शकांना करावी आणि प्रत्येक टप्प्याला लागलेली मिनिटे लिहून ठेवावीत. सकाळी सीझियम-१३७च्या प्रमाणस्रोताने डोस कॅलिब्रेटर (किरणोत्सारिता मोजणारे यंत्र) तपासला जातो, तेव्हा तिथे हजर राहावे आणि मिळालेला आकडा आपल्या वहीत स्वतःच्या हाताने नोंदवावा.