ट्रम्पेटवर जीभ वेगाने कशी चालवावी

ट्रम्पेटवर प्रत्येक सुटा स्वर जिभेच्या छोट्या आघाताने सुरू होतो. मेट्रोनोम १०० वर, म्हणजे मिनिटाला १०० ठोक्यांवर, असेपर्यंत सगळं छान चालतं. एका ठोक्यात चार स्वर, चारही सुटे, स्वच्छ. ११२ ला जीभ जड वाटायला लागते आणि १२० ला ओठ आवळले जातात, गळा घट्ट होतो, चार स्वरांचा एकच गोळा होऊन बाहेर पडतो. अशा वेळी बहुतेक वादक आणखी जोर लावतात. जोर लावला की जीभ ताठरते, आणि ताठरलेली जीभ पळत नाही.

१२० च्या लयीत एका ठोक्यात चार स्वर म्हणजे सेकंदाला आठ आघात. एवढ्या वेगात ताकदीचा काही उपयोग नसतो. जिभेची हालचाल किती छोटी आहे आणि तिच्यामागे हवा किती अखंड वाहते आहे, एवढ्यावरच सगळं ठरतं. पुढची सगळी पद्धत ट्रम्पेट आणि त्याचं जवळचं भावंड कॉर्नेट डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. बाकीच्या ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यांसाठी काय बदलायचं ते शेवटाकडे येईल.

१. आज आपण कुठे आहोत ते मोजा

स्वरलिपीच्या पाच रेषांतल्या खालून दुसऱ्या रेषेवरचा जी घ्या, म्हणजे एकही व्हॉल्व्ह (बोटाने दाबायचं बटण) न दाबता वाजणारा. मेट्रोनोम ८० वर लावा. एका ठोक्यात चार स्वर, असे चार ठोके आणि पाचव्या ठोक्यावर एक लांब स्वर. जमलं की चार-चार अंकांनी वाढवत जा. प्रत्येक वेळी फोनवर रेकॉर्ड करा, कारण वाजवताना कानाला जे स्वच्छ वाटतं ते ऐकताना तसं असतंच असं नाही. ज्या आकड्यावर स्वर पहिल्यांदा असमान झाले, त्याच्या आधीचा आकडा म्हणजे तुमची खरी गती. तो वहीत तारीख घालून लिहा आणि पुढची मोजणी आठवड्यानेच करा. रोज मोजायला लागलात तर सरावाची जागा परीक्षा घेते.

२. आधी हवा, मग जीभ

जीभ आवाज काढत नाही. आवाज हवेने आणि ओठांच्या कंपनाने निघतो, जीभ फक्त त्या प्रवाहाला क्षणभर अडवून सोडते. नळाच्या धारेतून बोट पटकन फिरवलं तर धार क्षणभर तुटते, पण नळ चालूच असतो, तसं. ज्यांची जीभ अडखळते त्यांच्यातले बरेच जण नकळत प्रत्येक स्वराला नवा श्वास ढकलत असतात. सेकंदाला आठ वेळा पोटातून धक्का देणं कुणालाच शक्य नाही.

तपासायला सोपं आहे. वाद्य बाजूला ठेवा, तळहात तोंडासमोर वीतभर अंतरावर धरा आणि एका श्वासात आवाज न करता ‘तुतुतुतु’ म्हणा. तळहाताला सलग वारा लागला पाहिजे. वेगवेगळ्या फुंकरा जाणवल्या तर हवा तुटते आहे.

मग वाद्यावर: जी स्वर चार ठोके सलग धरा. श्वास तोडू नका, पुढचे चार ठोके त्याच हवेत जीभ घाला. पहिल्या भागात पोटाला आणि ओठांना जे वाटत होतं तेच दुसऱ्या भागात वाटायला हवं. हा व्यायाम दिसायला मामुली आहे, पण मला विचाराल तर सगळ्या लेखातला हाच सर्वांत मोलाचा. दोन आठवडे फक्त एवढंच केलं तरी गती वाढलेली दिसते.

३. ‘टू’ नव्हे, ‘तू’

मराठी माणसाकडे इथे आयतं भांडवल आहे आणि ते आपण वाया घालवतो. बँडमध्ये किंवा क्लासमध्ये इंग्रजी पुस्तकावरून शिकवलं जातं, ‘टू’ म्हणा. मराठी तोंडात ‘टू’ म्हटलं की जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं. तिथून परत यायला अंतर जास्त, आणि टोक वळलेलं असल्यामुळे जिभेचा मधला भाग खाली खेचला जातो. हवेचा रस्ता बदलतो, आवाज पोकळ होतो.

आता ‘तू’ म्हणून बघा. टोक वरच्या दातांच्या मागे, दात आणि हिरडी मिळतात तिथे अलगद टेकतं आणि सुटतं. हवी ती हीच जागा. कॉर्नेटची जी पद्धत आजही जगभर शिकवली जाते ती जाँ-बाप्तिस्त आर्बाँ या फ्रेंच वादकाची, पॅरिसला १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेली. त्याने लिहिलेला ‘तु’ फ्रेंच आहे आणि फ्रेंच ‘त’ आपल्यासारखाच दातांना लागतो.

‘थ’ मात्र होऊ देऊ नका. ‘थ’ला हवेचा जादा झोत सुटतो आणि स्वराच्या तोंडाशी ‘फस्’ असा आवाज येतो. जीभ दातांच्या फटीतून बाहेर येऊन ओठाला लागत असेल तर तीही मागे घ्या. मऊ, जोडलेल्या स्वरांसाठी ‘दू’ वापरा.

आरशासमोर वाजवा आणि हनुवटीकडे बघा. प्रत्येक स्वराला ती खालीवर होत असेल तर जिभेचं काम जबडा करतो आहे, आणि जबडा जिभेपेक्षा कितीतरी जड आहे. हनुवटी स्थिर राहीपर्यंत लय कमी ठेवा.

काही वादकांची घडण वेगळी असते. अमेरिकेचा कॉर्नेटवादक हर्बर्ट क्लार्क (१८६७–१९४५) जिभेचं टोक खालच्या दातांना टेकवून ठेवायचा आणि मधल्या भागाने वर आघात करायचा. तुमची जीभ लांब असेल आणि वरची पद्धत महिनोनमहिने करूनही ढिली पडत नसेल, तर हीही करून बघायला हरकत नाही. पण दोन्ही पद्धती एकाच वेळी शिकायला घेऊ नका.

४. छोटे झटके

गती वाढवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे मेट्रोनोम रोज थोडा पुढे सरकवणं. तो एका मर्यादेपर्यंतच चालतो, कारण आपण संथ लयीतली मोठी हालचालच घाईने करत राहतो. वेगात लागणारी छोटी हालचाल जिभेला वेगातच कळते. म्हणून झटके मारा.

तुमच्या गतीपेक्षा १० ते १२ जास्त आकडा लावा. समजा तुमची गती १०४ आहे, तर ११६. चार स्वर झटक्यात घ्या आणि पुढच्या ठोक्यावर पाचव्या स्वराला थांबा. तीन ठोके विश्रांती, मग पुन्हा. इतक्या कमी वेळात जिभेला ताठरायला सवडच मिळत नाही. आवाज मध्यम किंवा त्याहून हलका ठेवा. चार स्वर सहज जमले की आठ आणि एक, मग बारा आणि एक. लांबी वाढवताना स्वर फाटायला लागले तर लय कमी करू नका, पुन्हा चारवर या.

शेवटच्या स्वराकडेही लक्ष असू द्या. तो ‘तुत्’ असा जिभेने बंद होत असेल तर जीभ सुटल्यावर लगेच परत चिकटते आहे. तिथे जीभ खालीच राहू द्या, स्वर हवा थांबल्यावर संपू द्या.

५. ‘क’ वेगळा घासून घ्या

एकेरी जिभेला, म्हणजे फक्त ‘त’ने वाजवायला, प्रत्येकाची एक हद्द असते. सराव झालेल्या बऱ्याच वादकांची जीभ १२० ते १३० च्या आसपास दमते, आणि त्यात कमीपणा काही नाही. त्यापुढे डबल टंगिंग लागतं. एक आघात टोकाने, पुढचा मागच्या भागाने, ‘तु-कु-तु-कु’. टोक परत येईपर्यंत मागच्या भागाने एक स्वर काढलेला असतो.

अडचण कायम ‘क’ची असते. तो उशिरा येतो, हलका येतो, आणि त्याच्या आधी थोडी हवा गळते. फोनवरचं रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने ऐका, लगेच कळेल. चार समान स्वरांऐवजी ‘ताऽक ताऽक’ अशी लंगडी चाल ऐकू येते.

कारण ‘क’ची जागा. ‘का’ म्हणताना जीभ टाळूला खूप मागे लागते, ‘की’ म्हणताना पुढे. जागा जितकी पुढे, तितकं हवेला ओठांपर्यंतचं अंतर कमी आणि स्वर चटकन धरला जातो. म्हणून सुरुवातीला ‘ति-कि’ असा विचार करा. आवाज बारीक, घुसमटलेला वाटला तर ‘तु-कु’कडे या. खालच्या सप्तकात ‘ता-का’ला जागा मिळते, वर ‘ति-कि’च बरं. ‘ख’ होऊ देऊ नका. तो धारदार वाटतो, पण त्यात हवा वाया जाते.

रोज पाच मिनिटं फक्त ‘क’ने वाजवा. आधी एक स्वर, मग साधी स्केल (क्रमाने चढते-उतरते स्वर), लय ६० ते ७०. पहिले काही दिवस आवाज घाणेरडा येईल, तो येऊ द्या. मग तीच ओळ एकदा ‘त’ने आणि एकदा ‘क’ने रेकॉर्ड करून दुसऱ्याला ऐकवा. कुठली कुठल्या अक्षराची हे त्याला सांगता आलं नाही की काम झालं. याला आठवडे लागतात, काहींना महिने.

६. आधी तोंडाने म्हणा

तबला शिकणारा मुलगा बोल आधी म्हणतो, हातावर टाळी देऊन ठाय लयीत, मग दुगुनीत, आणि मगच ते तबल्यावर येतात. ब्रास वाजवणाऱ्याने ही पढंत जशीच्या तशी उचलावी. ‘तक तक तक तक’ म्हणजे डबल टंगिंगच. बसमध्ये, स्वयंपाक करताना, चालताना पावलांच्या लयीत ओठांतल्या ओठांत म्हणत राहा. जी गती बोलून जमत नाही ती वाद्यावर येत नाही, आणि बोलण्याच्या सरावाने ओठ दमत नाहीत.

गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांमधून मुलांना आधी सोल्फेज, म्हणजे स्वर नावाने गाणं, म्हणायला लावत आणि मग हातात वाद्य देत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ट्रम्पेटची बाजू सांभाळणारे वादक मोठ्या संख्येने गोव्याचेच होते. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणत, त्यांतले सर्वांत गाजलेले. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतातला ट्रम्पेट कान देऊन ऐका. वेगातही प्रत्येक स्वराला गोलाई आहे.

आता वाद्यावर. डबल टंगिंग वेगातच करायचं असतं असा एक समज आहे आणि तो नडतो. एकेरी जीभ ११६ पर्यंत जाते आणि डबल १३२ च्या खाली चालतच नाही, असं झालं की मधल्या लयीतलं कुठलंही गाणं अडतं. म्हणून डबल ८० पासून सुरू करा आणि दोन्हींचा पट्टा एकमेकांवर येऊ द्या. ८० ला ‘क’वर मुद्दाम जोर द्या, किंवा ओळ उलटी वाजवा, ‘कु-तु-कु-तु’. उलटी ओळ समान आली की सुलटी आपोआप सुधारते.

७. तीन-तीनचे स्वर

ट्रिपल टंगिंगसाठी, म्हणजे एका ठोक्यात तीन आघातांसाठी, आर्बाँने ‘तु-तु-कु’ दिलं आहे, आणि त्याच्या पुस्तकात ट्रिपल आधी, डबल नंतर येतं. यात प्रत्येक ठोका ‘त’वर पडतो म्हणून वजन सारखं राहतं, पण लागोपाठ दोन ‘त’ घ्यावे लागतात. दुसरा प्रकार ‘तु-कु-तु’, आपल्या ‘तकिट’च्या चालीचा. बोल कानात बसलेला असल्यामुळे अनेकांना हा जवळचा वाटतो. तिसरा मार्ग म्हणजे डबलच चालू ठेवणं, ‘तु-कु-तु, कु-तु-कु’. यात सर्वांत जास्त वेग मिळतो, पण दर दुसरा ठोका ‘क’वर येतो, तेव्हा पाचवी पायरी पक्की हवी. तिन्ही करून बघा आणि एकावर स्थिर व्हा.

८. दोष जिभेचा की बोटांचा?

एका स्वरावर १२० जमतं आणि स्केलमध्ये १०० लाच गोंधळ होतो, ही तक्रार फार ऐकू येते. तिथे जीभ निर्दोष असते. तीच ओळ त्याच लयीत स्लरने, म्हणजे जीभ न लावता एका हवेत जोडून, वाजवा. स्लरमध्ये स्वर खरखरत एकमेकांत मिसळले तर बोटं हळू आहेत. व्हॉल्व्ह सावकाश दाबला की तो अर्ध्यात असतानाच जीभ सुटते. संथ लयीतही व्हॉल्व्ह झटकन, तळापर्यंत दाबायची सवय लावा, बोटांची टोकं बटणांवरून उचलू नका. तिसरं बोट बहुतेकांचं कच्चं असतं. व्हॉल्व्ह अडकत असतील तर तेल घाला, कोरड्या व्हॉल्व्हवर कितीही सराव करून उपयोग नाही.

रोज किती?

जिभेसाठी वीस मिनिटं पुष्कळ झाली, तीही सलग नकोत. वॉर्म-अपनंतर लगेच करा, ओठ दमल्यावर नको. जितका वेळ वाजवलं तितकाच वेळ माउथपीस ओठांवरून काढून ठेवा. जिभेच्या मुळाशी, गळ्याजवळ दुखायला लागलं की त्या दिवशी थांबा. ते ताठरल्याचं लक्षण आहे.

ट्रॉम्बोनवाल्यांना जीभ आणि स्लाइड (मागेपुढे सरकणारी नळी) एकाच क्षणी जुळवावी लागतात. जोडलेल्या स्वरांत ‘दू’ नसेल तर घसरण ऐकू येते, म्हणून त्यांनी ‘दू-गू’ हा मऊ डबलही घोटावा. युफोनियम आणि ट्यूबा ही खालच्या सुरांची मोठी वाद्यं, त्यांचा माउथपीस मोठा, खालचे स्वर उशिरा बोलतात. तिथे ‘ता-का’ किंवा ‘तो-को’, हवा भरपूर, आणि ट्रम्पेटच्या आकड्यांशी तुलना नको.

शेवटी हे सगळं गाण्यात उतरवायचं. वाजवायच्या कागदावर पेन्सिलीने प्रत्येक वेगवान जागेखाली ‘त’ आणि ‘क’ लिहून ठेवा, ऐनवेळी ठरवू नका. बँड मिरवणुकीत चालत असेल तर तीच ओळ आधी घरी, गच्चीवर, चालत वाजवा. पाऊल पडताना माउथपीस ओठांवर हलतो आणि बसून जमलेली गती थोडी उतरते. चालताना जो आकडा टिकतो, तोच बँडमास्तरला सांगा.