हलणारा दुधाचा दात: घरी काय करावे आणि केव्हा थांबावे

मूल पहिलीत जाते त्या सुमारास, म्हणजे साधारण ६ व्या वर्षी, खालच्या जबड्यातील समोरचा दात हलू लागतो. एखाद्याचा ५ व्या वर्षीच हलतो, एखाद्याचा ७ व्यापर्यंत हलत नाही. दोन्हींत काळजीचे कारण नाही. दुधाचे दात एकूण २० असतात आणि १२ व्या वर्षापर्यंत ते टप्प्याटप्प्याने पडतात, म्हणून पहिल्याच दाताच्या वेळी मुलाच्या मनात धास्ती बसणार नाही, असे घरातील सर्वांनी वागावे.

खालून वर येणाऱ्या कायमच्या दातामुळे दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळते आणि शेवटी दात केवळ हिरडीला चिकटून राहतो. आपणहून पडलेला दात हातात घेऊन पाहिला, तर खाली मूळ दिसत नाही, फक्त खडबडीत, पोकळ कड दिसते. मूळ पुरते विरघळण्याआधी दोरा बांधून हिसका दिला, तर हिरडी फाटते, रक्त जास्त येते, क्वचित मुळाचा तुकडा आत राहतो आणि पुढच्या दाताला मूल तोंडच उघडत नाही. दोरा बांधण्याची पद्धत घराघरांतून कायमची बंद व्हावी, असे मला मनापासून वाटते.

मुलाला जिभेने किंवा धुतलेल्या बोटाने दात हलवू द्यावा. घासताना दुखते म्हणून ती बाजू सोडून देऊ नये, कारण तिथे अन्न अडकले की हिरडी लाल होऊन सुजते. आपल्या सोलापुरातील कडक भाकरी या दिवसांत पुढच्या दातांनी तोडायला देऊ नये. ती आमटीत चांगली भिजवून कुस्करावी आणि शेंगाचटणी दह्यात कालवून द्यावी. दात सर्व बाजूंनी सहज लवत असेल, दुखत नसेल आणि मूल स्वतःच ‘काढा’ म्हणत असेल, तरच स्वच्छ सुती कापडात धरून तो अलगद पिळावा. जरा जरी अडला, तरी हात काढून घ्यावा आणि आणखी काही दिवस जाऊ द्यावेत.

दात पडल्यावर कापडाची घडी त्या जागी ठेवून मुलाला १० मिनिटे दाबून धरायला सांगावे. मध्ये उचलून पाहू नये, आणि त्या दिवशी जोरात चुळा भरू देऊ नयेत. नंतर थुंकी गुलाबी दिसली तरी घाबरू नये. मात्र अर्धा तास दाबूनही रक्त थांबले नाही, तर डॉक्टरांकडे जावे. बऱ्याच घरांत मिश्री हाताशी असते. ती तंबाखूच आहे, मुलाच्या हिरडीला कधीही लावू नये. अ‍ॅस्पिरिनही देऊ नये. पडलेला दात उंदराला देऊन नवा मागायचा आणि पत्र्यावर फेकायचा, हा रिवाज मात्र जरूर पाळावा, मुलाचे रडे त्यात विरते.

आईवडील सर्वांत जास्त घाबरतात ते दुधाचा दात पडण्याआधीच नवा दात त्याच्यामागे उगवतो तेव्हा. खालच्या पुढच्या दातांत हे नेहमी घडते. दुधाचा दात हलत असेल, तर तो पडल्यावर जिभेच्या रेट्याने नवा दात बहुतेक वेळा पुढे सरकतो. दुधाचा दात घट्टच असेल किंवा दोन-तीन महिन्यांतही पडला नाही, तर दंतवैद्यांना दाखवावे. नवे दात मोठे, किंचित पिवळसर आणि कडेला करवतीसारखे दिसतात, ते तसेच असतात.

याच वयात दुधाच्या शेवटच्या दाढेमागे कोणताही दात न पडता एक नवी दाढ येते. ती कायमची असते, पण ‘दुधाचीच आहे, पडेल’ या समजुतीने तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि ती किडते. रोज घासताना ब्रश तिथपर्यंत पोहोचतो का, हे मोठ्यांनी स्वतः पाहावे.

पडून किंवा मार लागून दात निखळला, तर गोष्ट वेगळी. दुधाचा दात परत बसवू नये, नाहीतर हिरडीत वाढत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते; तरीही मुलाला दंतवैद्यांकडे न्यावे. कायमचा दात निखळला असेल, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, थंड दुधात ठेवावा आणि सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचे दंतवैद्य, जे आधी मिळेल तिथे अर्ध्या तासाच्या आत पोहोचावे.